भुवया नसलेल्या इसमाची ओळख

जबाब देणार: लामदुआन सीहाबुत. वय ४४ वर्षे. धंदा: तालुक्याच्या बाजारात कच्च्या पपईची कोशिंबीर आणि भाजलेली कोंबडी विकणे. राहणार: नोंग खाम, विहारामागची आळी, चैयाफूम प्रांत. जबाबाची तारीख १७ जुलै.

मी वरील नावाची बाई स्वतः ठाण्यात येऊन, उपनिरीक्षक थावोन साहेबांनी विचारल्यावरून, तोंडी सांगते ते असे की:

माझे पती विचियान सीहाबुत, वय ४९, हे ऊस आणि भात करतात. आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. मुलगी एक, ती खोन केनला नर्सिंग शिकते. माझे पती दरवर्षी जुलैच्या मध्यावर फिनलंड देशात जंगलातल्या बेरी वेचायला जातात आणि भाताच्या कापणीआधी परत येतात. आमच्या गावातले बरेच पुरुष जातात. घरावरचे छप्पर आणि मुलीचे शिक्षण त्या बेरींतूनच निघाले. ती बेरी मी आजवर तोंडात टाकून पाहिलेली नाही.

व्हिसाचे आणि कागदांचे काम आमच्या गावच्या मालीवानबाई बघतात. त्या तिकडच्या मालकासाठी माणसे जमवतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही काही महिने चालणारा हवा. फोटो ताजा हवा, कान आणि कपाळ उघडे हवे, हसायचे नाही. परतीचे तिकीट, विमा, मालकाचे बोलावणे हवे. बोटांचे ठसे द्यायला बँकॉकला जावे लागते. शिवाय पंचेचाळिशीपुढच्या माणसाने डॉक्टरचा दाखला आणायचा, की छाती आणि हृदय ठणठणीत आहे. ही शेवटची अट मालकाची आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतला बुनलुआ तिकडच्या जंगलात वेचता वेचता टेकायला म्हणून बसला तो उठलाच नाही, तेव्हापासून ती आली. त्याची शवपेटी परत आणायलाही कागद लागले. पण पेटीला कोणी छाती कशी आहे म्हणून विचारले नाही.

निघायच्या आधी मालीवानबाई सगळ्यांना विहाराच्या मंडपात बसवून उत्तरे पाठ करून घेतात. त्या स्वतः खुर्चीत बसून तिकडच्या अधिकाऱ्याचा आव आणतात. कशाला आलास? बेरी. कुठे राहणार? जंगल. परत कधी जाणार? या प्रश्नाला माझे पती दरवर्षी एकच उत्तर देतात, "बायको बोलावेल तेव्हा." सगळे हसतात. मालीवानबाई पट्टीने टेबल बडवतात आणि म्हणतात की तिथे असे बोललास तर त्याच विमानाने माघारी येशील. साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हणाले, आहे, लिहा.

माझे दीर सानान, वय ४६, पूर्वी तेही वेचायला जात. एका वर्षी ते हंगाम संपल्यावर परत आले नाहीत. शहरातल्या एका खानावळीत भांडी घासत राहिले. सापडले तेव्हा त्यांना परत धाडले आणि आता बरीच वर्षे त्या बाजूच्या कुठल्याच देशात त्यांना प्रवेश नाही. दोघे भाऊ तोंडावळ्याने सारखे आहेत. फरक म्हणजे भुवया. माझ्या पतींच्या भुवया दाट आणि मधोमध जुळलेल्या. बाजारात बायका मला म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याच्या कपाळावर दोन सुरवंट झोपलेत, हळू बोल, उठतील.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझे सासरे खामदी वारले. वय झाले होते, हाल झाले नाहीत. शव घरी ठेवले. आमच्यात घरात मढे असताना लोक येतात, जेवतात, पत्ते खेळतात, भन्ते येऊन सुत्ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सानान विहिरीवर जेवणावळीची पातेली घासत होतो. सानान थोडी प्यायलेले होते. ते म्हणाले, "वहिनी, माझं हृदय एक नंबर आहे. डॉक्टरनं सांगितलं. फक्त कागदावर नाव दादाचं पडलं."

मी पातेले खाली ठेवले आणि नीट सांगायला लावले. तेव्हा कळले की जिल्ह्याच्या गावी छातीचा फोटो आणि हृदयाची तपासणी करायला माझ्या पतींचे ओळखपत्र घेऊन सानान गेले होते. माझे पती बाहेर रसवंतीवर बसून होते. कारण एप्रिलमध्ये उसाच्या शेतात ते पडले होते आणि एका डॉक्टरने त्यांना गुपचूप सांगितले होते की हृदयाकडे जाणारी नस चोंदली आहे, ओझे उचलायचे नाही, चढण चढायची नाही. मला त्यांनी सांगितले होते की गॅस झाला. मी त्यांना दोन महिने आल्याचे पाणी करून दिले. तेही ते मुकाट्याने प्यायले. मला राग कशाचा जास्त आला ते विचाराल तर त्या पाण्याचा.

मी त्याच संध्याकाळी त्यांना गोठ्यामागे गाठून विचारले. ते म्हणाले, "या एकाच वर्षी, लाम. पोरगी पास होऊ दे." मी म्हणाले, बुनलुआसुद्धा एकाच वर्षी मेला, दोनदा कोणी मरत नाही. घरात मढे होते, माणसे होती, मला आवाज चढवता आला नाही.

अंत्यसंस्काराच्या दिवशी मुलांनी चितेपुढची दीक्षा घ्यायची असते. सकाळी मुंडण करून चीवर घालायचे, शव जळेपर्यंत भिक्षू व्हायचे, मग उतरवायचे. मेलेले आईबाप मुलाच्या चीवराचा पदर धरून स्वर्गात जातात असे आमच्यात म्हणतात. आमच्याकडे भिक्षू होताना डोक्याबरोबर भुवयाही काढतात. मालीवानबाई आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेल्या की विचियानने दीक्षा घेऊ नये, तीन दिवसांवर विमान आहे, व्हिसावरच्या फोटोत भुवया आहेत, धाकटा भाऊ आहे ना, त्याने घ्यावी. माझे पती म्हणाले की डोके करतो, भुवया ठेवतो, भन्तेंना विचारून बघू. तेव्हा मी मध्ये पडले. मी म्हणाले, "अर्धामुर्धा भिक्षू कोणी ऐकलाय का? भुवयांपायी बापाचा हात पदरावरून सटकला म्हणजे?"

साहेबांनी मला विचारले की हे मी मनापासून म्हणाले की विमान चुकावे म्हणून. मी सांगते की मनात दोन्ही होते. सासऱ्यांनी मला मुलीसारखे वागवले, त्यांना दोन्ही मुलांचा पदर मिळावा असे मला खरोखर वाटत होते. आणि विमानतळावरच्या लोकांना माझे पती ओळखू येऊ नयेत असेही वाटत होते. वस्तरा भन्तेंनी चालवला. कमळाच्या पानावर केस मी झेलले. भुवया पानावर पडल्या तेव्हा माझ्या पतींनी माझ्याकडे पाहिले. मी पान गुंडाळून नदीत सोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही अस्थी गोळा केल्या. त्या ठेवायचा छोटा स्तूप विहाराच्या भिंतीलगत माझ्या पतींनी स्वतः बांधला. चुना आणि सिमेंट हाताने कालवले, हातमोजे घातले नाहीत. चुन्याने बोटांची टोके खाऊन गुळगुळीत झाली. बापाच्या कामाला हातमोजे कशाला, असे ते म्हणाले. त्यानंतर १६ तारखेला पहाटे गावातली बाकी माणसे आणि ते मालीवानबाईंच्या गाडीतून बँकॉकला गेले. मी त्यांना चिकट भाताची टोपली आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. आंबवलेली मासळी दिली नाही, ती तिकडे आत नेऊ देत नाहीत. निघताना त्यांनी मला विचारले की काही बोलायचे आहे का. मी म्हणाले, नाही.

त्याच दिवशी दुपारी मी बाजारात कोंबड्या भाजत असताना हवालदार आले आणि मला ठाण्यावर घेऊन गेले. थावोन साहेब म्हणाले की विमानतळावर एका इसमाला थांबवले आहे. पासपोर्ट आणि व्हिसा विचियान सीहाबुतचा आहे, पण चेहरा फोटोशी जुळत नाही आणि यंत्रावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. भावाला प्रवेशबंदी असल्याची नोंद त्यांना सापडली आहे, म्हणून हा भाऊच मोठ्याच्या कागदांवर चालला आहे असा त्यांना संशय आहे. बायकोने ओळखले तर सोडू, विमानाला अजून वेळ आहे. साहेब मला धीर देत म्हणाले, "मावशी, घाबरू नका. बघायचं आणि हो म्हणायचं."

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. तिकडे एक महिला अधिकारी होती आणि तिच्याशेजारी माझे पती बसले होते. मी सांगते की मी त्यांना पाहताक्षणी ओळखले. पण पांढऱ्या दिव्याखाली तो भुवया नसलेला चेहरा अगदी सासऱ्यांसारखा दिसत होता. पेटीचे झाकण लावायच्या आधी मी शेवटचा पाहिला तसा. मला फार भीती वाटली. मी आयुष्यात इतकी घाबरलेली नाही.

मी म्हणाले, "हा माणूस माझा नवरा नाही."

थावोन साहेबांनी मला पुन्हा नीट बघायला सांगितले. मी पुन्हा तेच म्हणाले. पलीकडून माझे पती म्हणाले, "लाम, काय बोलतेस तू?" त्या अधिकारी बाईने त्यांना सांगितले की फक्त नवऱ्यालाच ठाऊक असेल असे काहीतरी सांग. ते म्हणाले की हिच्या डाव्या कोपरावर शेगडीने भाजल्याचा डाग आहे. मी म्हणाले की मी बाह्या सारून कोंबड्या भाजते, तो डाग सगळ्या बाजाराने पाहिला आहे. अधिकारी बाईने त्यांना आणखी काही सांग म्हटले. त्यांनी तोंड उघडले. त्यांना शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या आणि त्यातल्या एकीलाही मला नाही म्हणता आले नसते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या बाई. ती नाही म्हणते तर नाही." फोन बंद झाला. मग हा कोण, असे साहेबांनी मला विचारले. मी उत्तर दिले नाही.

त्यानंतर हवालदार माझ्या दिराला आणायला आमच्या घरी गेले, कारण सानान घरी नसले तर संशय पक्का झाला असता. सानान घरीच होते. पण दीक्षेपायी त्यांचेही डोके मुंडलेले आणि भुवया काढलेल्या. हवालदारांनी त्यांना बघून ठाण्यावर फोन केला की साहेब, विचियान इथेच सापडला. त्यांना आणल्यावर ठाण्यातल्या चार माणसांची चार मते झाली. शेवटी आमच्या गावच्या भन्तेंना फोन लावला, तर ते म्हणाले की मी त्या दिवशी दोन डोकी केली, मला विचाराल तर दोन्ही सारखीच. त्या अवस्थेतही मला हसू आले, याची साहेबांनी नोंद घेतली आहे. सानानच्या अंगठ्याचा ठसा मात्र लगेच उमटला आणि त्यांच्या जुन्या नोंदीशी जुळला. तेव्हा विमानतळावरचा इसम सानान नाही एवढे ठरले. पण तोवर विमान गेले होते.

आज सकाळी विमानतळावरच्या पोलिसांनी माझ्या पतींना गाडीतून इथे आणून सोडले. ते आत बाकावर बसले आहेत. माझ्याशी बोललेले नाहीत. मीही बोललेले नाही. मघाशी हवालदारांनी चहा आणला तेव्हा पतींनी त्याबरोबरचा खाऱ्या बिस्किटांचा पुडा माझ्या बाजूला सरकवला, एवढेच.

मालीवानबाईही आल्या आहेत. त्यांनी ओसरीवर थावोन साहेबांना माझ्यासमोर सांगितले की व्हिसा अजून चालू आहे, विचियानवर कसलाही डाग नाही, दुसरी तुकडी येत्या शनिवारी निघते, तिच्यात जागा आहे. फक्त ठाण्याकडून एक कागद हवा, की बायकोची ओळखण्यात चूक झाली. साहेबांनी मला आत बोलावून दार लोटले. मला मुलगा असता तर त्याच्या वयाचे ते आहेत आणि त्यांची आई माझ्याकडून कोशिंबीर नेते. ते म्हणाले, "मावशी, सरळ सांगतो. जाणूनबुजून खोटं बोललात असं लिहिलं तर तुमच्यावर केस होते. भुवया नव्हत्या, फोनवर नीट दिसलं नाही, गोंधळले, असं लिहिलं तर कुणालाच काही होत नाही. तुम्ही घरी, काका विमानात. मी लिहू का?"

मी थोडा वेळ मागितला. मागच्या अंगणात सानान सिगारेट ओढत होते. मी त्यांना सांगितले की खरे लिहिले तर तपासणीचेही लिहावे लागेल, तुमचे नाव येईल, दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा गुन्हा होईल. ते म्हणाले, "लिहा वहिनी. माझ्या नावावर शिक्का आहेच, दुसरा बसला तर पहिल्याला सोबत." मग त्यांनी सिगारेट विझवली आणि म्हणाले की दादाला घेऊन विमान उडाले असते तर मी पुन्हा कधी प्यायलोच नसतो किंवा प्यायचा कधी थांबलोच नसतो, दोन्हींपैकी काय ते सांगता येत नाही.

सबब मी साहेबांना सांगितले आणि आता लिहून देते की काल फोनवर मला सगळे स्वच्छ दिसले. माझा गोंधळ झाला नाही. मी समजून उमजून खोटे बोलले. माझ्या पतींच्या हृदयाला आजार आहे, त्यांनी मालकाला दिलेला दाखला त्यांचा नसून माझ्या दिराच्या तपासणीचा आहे. हा जबाब जिथे कुठे पाठवायचा तिथे पाठवावा, व्हिसा देणाऱ्या कचेरीतही. माझ्यावर जी काय केस व्हायची ती व्हावी. दंड झाला तर मी कोंबड्या भाजून भरेन. कैद झाली तर शेगडी सानान सांभाळतील, त्यांना बंदी फक्त परदेशात आहे.

एवढे झाल्यावर साहेबांनी दार उघडले आणि माझ्या पतींना आत बोलावून हा जबाब त्यांच्यासमोर वाचला. आल्याच्या पाण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. पुरा वाचून झाल्यावर साहेबांनी त्यांना विचारले, "काका, विमानतळावर तुम्ही गप्प का बसलात? आणखी एक खूण सांगितली असती तर सुटला असतात."

माझे पती म्हणाले, "तिथं विचारतात ना साहेब, परत कधी जाणार? दर वर्षी मी पाठ केलेलं सांगतो. तिनं कधी बोलावलं नव्हतं. काल बोलावलं."

मालीवानबाई दारात उभ्या होत्या. त्या निघून गेल्या.

शेवटी माझ्या पतींना ताब्यातून सोडण्याच्या कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा होता. शाई लावून तीनदा दाबला. कागदावर नुसता काळा डाग आला, रेघ एकही उमटली नाही. भुवया तर नाहीतच. तेव्हा साहेब म्हणाले की ओळख पटवणारे कोणीतरी हवे, नाहीतर मी कोणाला सोडतो आहे तेच कागदावरून कळणार नाही. त्यावरून मी सांगते की माझ्यासमोर उभे असलेले हे विचियान सीहाबुत आहेत. हे माझे पती आहेत. काल मी नाही म्हणाले, आज हो म्हणते. दोन्ही वेळा मी पूर्ण शुद्धीत होते आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता.

वरचा मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे, मी सांगितले नाही असे काही नाही. खाली माझी सही, आणि ओळख पटवली म्हणून पतींच्या काळ्या डागाशेजारी आणखी एकदा माझीच सही.

(सही) लामदुआन सीहाबुत